शिकागोप्रांती दुसरा आग्रह न जाहल्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, मुक्काम हॅरो, विलायत. ते दिवशी वैजयंतीबाईसाहेब कर्णिक यांणी आपले स्वयंपाकघरात बसोन सातासमुद्रांपलीकडे शिकागो शहरी जी फत्ते केली, तिची वार्ता पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवात नाना मुखांनी नाना प्रकारे सांगितली गेली. कोणी म्हणाले कन्या उपाशी होती, कोणी म्हणाले कन्येने शेजाऱ्याचे दार फोडिले, आणि एका बाईंनी, त्यांचे नाव लिहीत नाही, पण ते दिवशी अळूवड्या त्यांच्याच सुटल्या होत्या, कन्येने परस्पर लग्न लाविले ऐसेही उठविले. ऐसियास खरा मजकूर एकदा लिहोन ठेवणे जरूर जाहले. जे घडले तेच लिहिले आहे, आणि जेथे किंचित वाढविले आहे तेथे प्रसंगाची शोभा राखण्यापुरतेच वाढविले आहे.

वैजयंतीबाईसाहेब लग्न होऊन डोंबिवलीहून हॅरोस आल्या, आणि मग तेथेच राज्य केले. यजमान जयंतराव रोज मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने शहरास जात आणि तिन्हीसांजेस परत येत, स्वभावे इतके शांत की गाडीत कोणी पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणत. यांची एकुलती कन्या शाल्मली, जन्म हॅरोचा, नोकरी विलायतेतीलच ब्रॅकनेल गावच्या कंपनीत. त्या कंपनीने तिला उन्हाळ्यात शिकागोच्या दफ्तरी रवाना केले, आणि बाईसाहेबांनी सोबत गोडा मसाला, चहाच्या पिशव्या आणि लोकरी मोजे ऐसा सरंजाम दिला.

शिकागोचा मुलूख कन्येस नवाच होता. तेथे पाणी मागितले तर आधी बर्फाचा डोंगर येई आणि त्याच्या फटीत पाणी. चहा मागितला तर कोमट पाण्याचा पेला आणि शेजारी पिशवी, म्हणजे तुमचे तुम्ही पहा. लिफ्टमध्ये जो तो कशी आहेस म्हणोन पुसे, आणि कन्या खरोखर सांगावयास लागे तोवर आपल्या मजल्यास उतरोन जाई. दफ्तरातील मंडळी तिचे इंग्रजी ऐकोन खुश होत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणावयास लावीत, परंतु घरी या ऐसे कोणी म्हणेना. सुटीचे दिवशी कन्या दुकानातील पैसे घेणाऱ्या यंत्राखेरीज कोणाशी बोलत नसे. हे ती हॅरोस सांगत नव्हती. हॅरोस ती एवढेच सांगे की मी फाइन आहे.

आता कर्णिकांचे घराण्याचा एक कुळाचार येथे सांगणे प्राप्त आहे. कोणी काही देऊ केले तर प्रथम नको म्हणावे, दुसऱ्यांदा विचारले तर खरंच नको म्हणावे, आणि तिसऱ्यांदा विचारले म्हणजे बरं, अर्धाच द्या, ऐसे म्हणोन पूर्ण घ्यावा. हा आचार बाईसाहेबांनी माहेराहून आणिला, आणि नवल ऐसे की विलायतेत तो जसाच्या तसा चालला. शेजारच्या मार्गारेटबाईंनी पहिल्या दिवशी चहा पुसिला, बाईसाहेब नको म्हणाल्या, मार्गारेटबाईंनी पुन्हा पुसिला. मग बाईसाहेबांनी केक पुसिला आणि मार्गारेटबाई नको म्हणाल्या. तेव्हापासोन दोघींचा सलोखा जाहला, आणि बाईसाहेबांची खात्री पटली की साऱ्या जगतात सभ्य माणसे ऐसीच असतात. कन्येस हेच बाळकडू दोन्ही बाजूंनी मिळाले, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी.

ऐसे असता थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला. ते दिवशी अवघे शहर आपापल्या घरी दार लावोन मेजवानी करते आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. कन्येचे दारासमोर डोलोरेसबाई राहात, आयुष्यभर शिकागोची बस चालवोन निवृत्त जाहलेल्या, आवाज ऐसा की मागच्या आसनापर्यंत पोहोचावा. त्यांणी रविवारी लिफ्टपाशी कन्येस गाठोन फर्माविले की गुरुवारी दुपारी आमच्याकडे जेवावयास यावे. कन्येचे हृदय आनंदाने भरोन आले. आणि मुखातोन काय निघाले, तर छे छे, तुम्हांस उगाच त्रास, मी अगदी फाइन आहे. आणि ती हसोन दुसऱ्या आग्रहाची वाट पाहात उभी राहिली. डोलोरेसबाई म्हणाल्या, ओके हनी. आणि लिफ्टचे दार लागले.

हे वर्तमान हॅरोस पोहोचताच दरबार भरला. बाईसाहेबांनी चिंता न करण्याची आज्ञा केली. बाई भल्या दिसतात, सबब पुन्हा विचारतीलच, आपण फक्त समोर समोर असावे. त्यावरोन कन्या सोमवारी डोलोरेसबाईंच्या कपडे धुण्याचे वेळी तळघरातील सामाईक धुलाईयंत्रांपाशी मोर्चा लावोन बसली, आणि इंग्रजांची पिढीजात शस्त्रे, म्हणजे आडून बोलणे आणि उसासा, ही दोन्ही चालविली. गुरुवारी दुकाने बंद असतील नाही का, म्हणाली. मी आपली टोस्ट खाईन आणि पुस्तक वाचीन, म्हणाली. ऐसे बोलणे हॅरोत झाले असते तर मार्गारेटबाईंनी तिला तेथूनच ओढोन नेले असते. डोलोरेसबाईंनी धुतलेल्या चादरीची घडी घातली आणि किती शांत दिवस जाईल तुझा, मला हेवा वाटतो, ऐसे म्हणोन निघोन गेल्या. मोर्चा फसला.

मग बाईसाहेबांनी नजराण्याची मसलत काढिली. बुधवारी कन्येने फोन साखरेच्या डब्यास टेकवोन, हॅरोहून हुकूम घेत घेत, नारळाच्या वड्या थापिल्या. हुकूम ऐसा होता की वड्यांचा डबा पुढे करावा, बाई नको म्हणतील, आपण घ्याच म्हणावे, बाई एक घेतील, मग बोलणे वाढेल आणि बोलण्यात गुरुवार निघेल. कन्येने दार वाजविले आणि डबा पुढे केला. डोलोरेसबाई म्हणाल्या, अरे वा! आणि अखंड डबा उचलोन, कन्येच्या खांद्यावर थाप मारोन, दार लावोन घेतले. सामना सुरू होण्याआधीच संपला.

हे ऐकोन हॅरोचा दरबार दिङ्मूढ जाहला. जयंतराव म्हणाले की डबाही गेला.  रात्रीची भाजी निवडता निवडता बाईसाहेबांचे हात मात्र थांबले. ज्या मुलुखात घे म्हटले की माणूस घेतो, आढेवेढे घेत नाही, त्या मुलुखात नको म्हटले की ते नकोच असणार. त्या बाईंनी कन्येस टाकिले नव्हते. त्यांणी कन्येच्या शब्दास मान दिला होता. चूक डोलोरेसबाईंची नव्हे आणि कन्येचीही नव्हे, चूक आपण शिकविली, हे बाईसाहेबांस उमगले, आणि मेथीची जुडी तशीच राहिली.

गुरुवार उजाडला. शिकागोस दुपार आणि हॅरोस सांज होती. जयंतराव कामावरोन परतले होते, फोन टेबलावर फळांच्या परडीस टेकविला होता, आणि कन्या पडद्यावर आली ती लोकरी मोजे घालोन, पुढे दुधातल्या सिरियलचा वाडगा घेवोन. समोरच्या घरातील भाजल्या मांसाचा आणि लोण्याचा सुगंध दाराच्या फटीतोन येत होता, ऐसे ती सांगत होती.

"आई, ती परत विचारलाच नाही," शाल्मली आपल्या हॅरोच्या मराठीत म्हणाली. "माझा चूक झाला. आय जस्ट वॉन्ट टू कम होम."

हे शब्द येताच बाईसाहेबांचे डोळे भरोन आले, ते त्यांणी पदर नव्हता म्हणोन ओव्हनच्या हातमोज्याने पुसिले. आजवर फाइन फाइन म्हणणारी लेक खोटे बोलत होती, आणि आपण ते खरे मानीत होतो, कारण तसे मानणे सोयीचे होते. मग बाईसाहेब खुर्चीतोन उभ्या राहिल्या, आणि कर्णिकांचे घराण्यात पूर्वी कोणी काढिले नव्हते ऐसे फर्मान निघाले.

"आत्ताच्या आत्ता जा. दार वाजव आणि सरळ सांग, मला यायचंय."

"अगं, असं स्वतःहून कसं मागायचं?" जयंतराव घाबरोन म्हणाले. "इट्स नॉट डन."

"अहो, नसेल डन. आज करायचं. पोरगी एकटी सिरियल खातीये तिकडे."

तेव्हा त्या शांत पुरुषानेही पडद्याकडे झुकोन हात हलविला, जा बाळा जा. ऐसी दोन्ही दळे एक जाहली.

मग कन्येने मोज्यांवर बूट चढविले, केस बांधिले, आणि फोन कार्डिगनच्या खिशात ऐसा ठेविला की त्याचा डोळा बाहेर राहावा. हॅरोहून दरबारास एक हनुवटी आणि छताचा दिवा एवढेच दिसत होते, परंतु ऐकू सर्व येत होते. दार वाजले. दार उघडले. आतोन हास्याचा, ताटांचा आणि कोण्या पोराच्या रडण्याचा मोठा गलबला आला. कन्येने सॉरी म्हणोन आरंभ केला, मग पुन्हा सॉरी म्हणाली, आणि बाईसाहेबांनी हॅरोत टेबलाची कड घट्ट धरिली. मग कन्या एका दमात म्हणाली की मी रविवारी नको म्हटले, पण मला यायचे होते, अजून यायचे आहे, मला येऊ द्याल का.

 डोलोरेसबाईंनी मोठ्या आवाजात निवाडा दिला की मुली, तू नको म्हणालीस म्हणोन मला वाटले तुझी माणसे येणार आहेत. यायचे होते तर नको कशास म्हटलेस? जेवण पुष्कळ आहे. खुर्ची मात्र एक कमी आहे, तेवढी घेवोन ये.

कन्येपाशी खुर्ची एकच, ती कामाची, पाच चाकांची. ती तिने दाराबाहेर काढिली, आणि तो रथ गडगडत, एका चाकाने कुरकुरत, गालिचाची सुरकुती ओलांडोन समोरच्या महाली दाखल जाहला. मंडळींनी सरकोन वाट दिली, कोणी पुसिले नाही की ही कोण, एका म्हाताऱ्याने आपला पेला उचलोन जागा केली. पुढ्यात पदार्थांच्या राशी आल्या. रताळी होती, आणि रताळ्यांवर मार्शमॅलो, म्हणजे गोड पांढरा कापूस, भाजोन घातलेला होता, हा जेवणात कशास, हे कन्येस कळले नाही, तरी तिने खाल्ला. मग डोलोरेसबाईंनी पळी उचलोन आणखी हवे का पुसिले. हॅरोत श्वास रोखले गेले. कन्येच्या ओठांवर पुराणा शब्द येवोन टेकला होता, तो तिने गिळिला आणि म्हणाली, यस प्लीज. बाईसाहेबांनी जयंतरावांचे मनगट ऐसे दाबिले की तेही ओय म्हणाले, आणि ते ओय शिकागोस भर पंगतीत खिशातोन ऐकू गेले.

खिसा बोलतो हे पाहोन हशा पिकला. डोलोरेसबाईंनी फोन काढोन हाती घेतला, डोळ्यांजवळ धरिला, आणि हॅरोच्या पडद्यावर त्यांचे कपाळ आणि चष्मा प्रकट जाहला. कोण म्हणोन पुसिले. माझे आईबाबा, कन्येने कळविले. त्यावर डोलोरेसबाईंनी तोंडभर हसोन फर्माविले की पुढच्या वर्षी तुम्ही दोघेही या.

तेसमयी जयंतरावांची मान सवयीने नकारार्थी हलू लागली होती. बाईसाहेबांच्या जिव्हाग्री डोंबिवलीच्या आणि हॅरोच्या साऱ्या पिढ्या उभ्या राहिल्या, छे हो, कशाला, उगाच तुम्हांला त्रास. पडद्यावर कपाळ आणि चष्मा वाट पाहात होता, त्यामागे लेक तोंडात घास धरोन वाट पाहात होती. आणि हे घर पुन्हा विचारणारे नव्हते.

"हो," वैजयंतीबाईसाहेब म्हणाल्या. "येस. वुई विल कम."

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, कर्णिक घराण्याने पहिल्याच आग्रहास होकार दिला. कोणी जायबंदी जाहले नाही. जयंतरावांची मान मध्यावर थांबली आणि मग, बरीच जुनी सवय मोडीत, खाली-वर हलली.