बगळा बोटीतली आठ नंबरची खोली

लिंबाजी खिल्लारे गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राचं उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये, ते ब्राझील देशातल्या बेलें नावाच्या बंदरातून झरीला आलं होतं. पाठवणारी एक बोटवाली कंपनी होती. आपण ॲमेझॉन नदीच्या सफरीला येणार याचा आम्हांला आनंद वाटतो, असं तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. सोबतच्या पुस्तिकेतल्या दोन बोटींपैकी कोणती बोट आणि तिच्यातली कोणती खोली पसंत आहे, ते कळवावं. तोवर आपल्यासाठी एक खोली राखून ठेवत आहोत.

या शेवटच्या वाक्याशी आलं की गुरुजी हातातला घास ताटात परत ठेवत.

झालं होतं असं. गुरुजींनी झरीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी ते फळ्यावर निळ्या खडूनं ॲमेझॉन काढत आणि दरवर्षी ती गावाकडच्या दुधना नदीसारखीच दिसे. मुलांना एकदा तरी खरी ॲमेझॉन दाखवावी, असं त्यांच्या फार मनात होतं. परभणीच्या वाचनालयात एका जुन्या विलायती मासिकात त्यांना या कंपनीची जाहिरात सापडली. रंगीत पुस्तिका फुकट मिळणार होती, पण फॉर्मवर एक चौकोन होता. ‘येत्या बारा महिन्यांत प्रवास करण्याचा माझा इरादा आहे.’ त्यात खूण केली तरच पुस्तिका येणार होती.

मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या थापा तीस वर्षं लाल शाईनं खोडणाऱ्या माणसानं चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी खूण केली. ती इतकी बारीक केली, की चौकोनात माशी बसून गेली असंही कुणाला वाटावं. पुस्तिका आली तेव्हा गुरुजींना निवृत्त होऊन आठवडा झाला होता.

शाळा सुटली आणि खोटेपणा तेवढा अंगाला चिकटून राहिला. पुस्तिका शाळेला द्यावी, तर ती मिळवली कशी हे सांगावं लागणार. कंपनीला खरं कळवावं, तर इंग्रजी. गुरुजींनी मसुदे पुष्कळ केले. एकात माफी फार लाचार वाटे, दुसऱ्यात पुरेशी वाटत नसे. शेवटी पत्र आणि पुस्तिका ॲटलासमध्ये गेली आणि ॲटलास ट्रंकेत गेला. पण दर महिन्याच्या एक तारखेला, चहाचा कप हातात असताना, त्यांना बेलेंच्या धक्क्यावरून एक बोट निघताना दिसे. सगळ्या खोल्यांत माणसं असत. एका खोलीला मात्र कुलूप असे.

शहात्तरच्या दिवाळीआधी कंपनीचं दुसरं पत्र आलं.

आता झरीत पत्र येण्याची एक रीत होती. पोस्टमन वैजीनाथ सायकल थेट गुरुजींच्या ओट्याला टेकवी. ज्याचं पत्र असेल तो तिथं येई, आणि गुरुजी ते मोठ्यानं वाचून दाखवत. गुरुजींचा नियम एकच होता. पत्रात असेल ते वाचायचं, वाईट असलं तरी ओळ गाळायची नाही. या नियमापायी त्यांनी अनेक जावयांची बेअब्रू केली होती. त्यामुळं त्या दिवशी ओट्यावर पाच-सात जण बसलेले असताना वैजीनाथनं पोपटाच्या तिकिटाचं पाकीट गुरुजींच्याच हातात दिलं, तेव्हा गुरुजी ते खिशात घालू लागले ते कुणालाच पटलं नाही.

"गुरुजी, आमची वाचली तवा आमी कधी न्हाई म्हणलाव का?" वैजीनाथ म्हणाला. "आता तुमचं वाचा."

विचारणाऱ्याचं काही चुकत नव्हतं. गुरुजींनी पाकीट फोडलं आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. आपण कोणती बोट आणि कोणती खोली निवडली, हे अद्याप कळलेलं नाही. आम्ही वाट पाहत आहोत. उत्तर काहीही असलं तरी सोबतचा पिवळा फॉर्म परत पाठवावा. फॉर्मच्या तळाशी ओरिनोको नावाच्या दुसऱ्या एका नदीतल्या बोटीचं अंगठ्याएवढं चित्र होतं, ‘या सफरीला येण्याचा माझा इरादा आहे’ अशी ओळ होती आणि त्याच्यापुढं एक रिकामा चौकोन. चौकोन दिसताच गुरुजींनी फॉर्मची घडी घातली. चौकोनांशी त्यांना पुन्हा संबंध ठेवायचा नव्हता.

मग ऊसतोडीचा मुकादम सूर्यभान म्हणाला, "म्हंजी गुरुजी, तुमी जायलाव आन् आमाला पत्त्या न्हाई."

हीच वेळ होती. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण ‘नाही’ म्हटलं की ‘मग त्यांनी लिहिलं कसं’ हा प्रश्न येणार, आणि त्याच्या मागोमाग तो चौकोन येणार. गुरुजी म्हणाले, "अजून काही ठरलं नाही."

खरं बोलायला जाऊन माणूस इतका फसू नये. ठरलं नाही, म्हणजे ठरवायचं राहिलं आहे, असा अर्थ गावानं घेतला आणि ते काम अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी ॲटलासमधली पुस्तिका ओट्यावर आली. बोटींचे नकाशे पोत्यावर पसरून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले गेले. पहिली बोट पांढरी, तीन मजली, आणि तिच्यात पोहायला हौद. नदीतल्या बोटीत हौद कशाला, यावर तासभर खल झाला. ॲमेझॉनमधले मासे माणूस सोलून खातात, हे सातवीत ऐकलेलं वैजीनाथला आठवलं, तेव्हा हौद मंजूर झाला. दुसरी बोट लाकडाची, बुटकी, बारा खोल्यांची. तिच्या नावाचा अर्थ बगळा, असा खुलासा पुस्तिकेतच होता. तिला सगळे बगळाच म्हणू लागले.

सरपंच दिनकरराव मोठ्या बोटीच्या बाजूचे होते, आणि तिच्यातही वरच्या मजल्याच्या. झरीचा माणूस सातासमुद्रापलीकडं जाऊन खालच्या मजल्यावर झोपला, हे शेजारच्या बोरी गावच्या लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सूर्यभानचं मत वेगळं होतं आणि ते अनुभवाचं होतं. तो दर साल ऊसतोड्या नवरा-बायकोंच्या चाळीस जोड्या ट्रकमधून साखर कारखान्यावर न्यायचा. कुणाला कुठं बसवायचं यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. उंच जागी हेलकावा जास्त लागतो, म्हणून मोठी बोट त्यानं बाद केली. बगळ्यात मागच्या चार खोल्यांना इंजिनाचा धूर, मधल्या चारांना भटारखान्याचा वास. उरलेल्या चारांत पाच नंबर संडासाला लागून. नकाशावर बोट फिरवत तो आठ नंबरवर थांबला.

"ही घ्या. म्होरं हाय, वारं लागंल, आन् कडंला शेजारी एकच," तो म्हणाला. "दोन शेजारी असले की वाट लय भांडणात जाती."

शेजारच्या कडूबाईनं फक्त खाट कोणत्या अंगाला आहे, ते विचारलं. उत्तरेला डोकं करून निजणं तिला चालणार नव्हतं. गुरुजींचा यावर विश्वास नव्हता, पण कुठलाही प्रश्न अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ॲटलास उघडून बोट पश्चिमेला जाताना आठ नंबरच्या खाटेचं डोकं दक्षिणेला येतं, हे सिद्ध केलं. मात्र नदीला वळणं पुष्कळ आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग वळण आलं की उठून फिरून निजायचं," कडूबाई म्हणाली. "त्यात काय एवढं."

आठवड्याभरात गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. मोठीवाले आणि बगळेवाले एकमेकांच्या हातचा चहा घेईनात. वाटेसाठी म्हणून शेंगदाण्याच्या चटणीचे तीन डबे घरी आले. सूर्यभाननं एक सतरंजी आणि गाडीचा सोल, म्हणजे जाड दोर, आणून दिला. खाट हलली तर बांधून घ्या, म्हणाला. दिनकररावांनी रविवारी शाळेत सत्कार ठेवला. आणि गुरुजी दरवेळी ‘अजून ठरलं नाही’ म्हणत राहिले.

या सगळ्यात सरजाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, काही बोलली नव्हती. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास झरीहून माहेरी पिंगळीपर्यंतचा. शनिवारी ती नकाशापुढं बसली आणि आठ नंबरवर बराच वेळ बोट ठेवून राहिली.

"हितं दोन खाटा दिसायल्यात," ती म्हणाली. "एकीवर एक. वरचीवर मला चढता येईना, आधीच सांगते."

गुरुजींना कंपनीची भीती वाटली होती, गावाची लाज वाटली होती. पण बायकोच्या त्या बोटापुढं ती दोन्ही फिकी पडली. उद्या सत्कारात खरं सांगायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं. आता मात्र खरोखरच ठरलं.

रविवारी सातवीचा वर्ग गच्च भरला. हार झाला, शाल झाली. दिनकररावांनी भाषणात मोठ्या बोटीचं नाव तीनदा घेतलं. गुरुजी उभे राहिले तेव्हा शाल घसरत होती.

"मी जाणार नाही," ते म्हणाले. "मी कधीच जाणार नव्हतो. मला या वर्गासाठी चित्रं पाहिजे होती. त्यासाठी मी फॉर्मवर खोटी खूण केली. माशी बसल्यासारखी बारीक केली, म्हणजे नुसती खोटी नाही, भित्रीसुद्धा. माझ्यापायी त्या बोटीतली एक खोली दोन वर्षं रिकामी जाते आहे. तुम्ही सगळ्यांनी एवढी तजवीज केली, तुमचीही मी माफी मागतो."

एवढं बोलून ते खाली बसले. गुरुजींनी मान वर केली नाही. हार काढून द्यावा का, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. मग मागच्या बाकावरून सूर्यभान उठला.

"जायचं न्हाई ते ठीक हाय, गुरुजी. मन न्हाई तर न्हाई," तो म्हणाला. "पण आठ नंबर का मोठी, ते आज लागू द्या. आमी परवा ट्रक काढायलाव. आन् हे अर्धं ठिवून गेलो तर सहा महिने मपल्या टोळीत भांडण चालंल."

सगळा वर्ग ‘बरोबर हाय’ म्हणाला. गुरुजी चकित होऊन बघत राहिले. त्यांच्या जाण्याकडं कुणाचं फारसं लक्षच नव्हतं. माणसं आठ दिवस स्वतःच बोटीत बसली होती. दिनकरराव जरा विचारात पडले. गुरुजीच जाणार नसतील, तर गावाच्या इभ्रतीचा प्रश्न उरत नाही, असं त्यांनी उभं राहून जाहीर केलं, आणि आठ नंबर एकमतानं पास झाली. शाल परत घेण्याचा विषय निघाला, पण ती अंगावर घालून झाली होती. पुस्तिकेतली चित्रं त्याच दिवशी वर्गाच्या भिंतीवर खळीनं चिकटवली गेली. खरी ॲमेझॉन दुधनेसारखी मुळीच दिसत नव्हती.

घरी येताना गुरुजी बायकोला म्हणाले, "सरजा, तुला वाईट वाटलं असेल."

"कामून? मला पयल्यापासून ठाव होतं," ती म्हणाली. "पिंगळीला जायचं तर तुमी चार दिवस आधी बेजार होता. तुमी कुठले समिंदर वलांडायलाव. पण खोली बगायला काय जातंय?"

सोमवारी गुरुजींनी एका बैठकीत उत्तर लिहिलं, आणि पहिल्यांदाच मसुदा न करता. खरं काय ते लिहिलं, माफी मागितली, खोली मोकळी करावी असं कळवलं. शेवटी आमच्या गावाच्या जाणकारांच्या मते आपल्या बगळा बोटीतली आठ नंबरची खोली सर्वांत उत्तम आहे, तरी पुढील प्रवाशाला ती आधी दाखवावी, अशी शिफारस जोडली. पिवळा फॉर्म कोराच आत घालायला ठेवला. मग एका शब्दाचा संशय आला म्हणून ते ट्रंकेतला शब्दकोश काढायला गेले. परत आले तोवर सरजाबाईनं फॉर्म आणि पत्र पाकिटात घालून वर खळ लावून टाकली होती.

"न्हाईतर हे बी दोन साल ट्रंकंत ऱ्हाईल," ती म्हणाली.

वैजीनाथनं पाकीट पिशवीत टाकलं, ‘जयभीम गुरुजी’ म्हणाला आणि परभणीच्या सडकेला लागला. सायकल बाभळींच्या आड जाईपर्यंत गुरुजी ओट्यावर उभे होते. त्यांना पुन्हा बेलेंच्या धक्क्यावरची बोट दिसली, आणि या वेळी तिच्यात आठ नंबरच्या खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं. त्यांना फार हलकं वाटलं. ते सरजाबाईच्या शेजारी टेकले. ती ज्वारी निवडत होती.

"गेलं?"

"गेलं."

"त्या पिवळ्या कागदावर खाली एक बारकं चित्र होतं बगा. आन् त्याच्याम्होरं चौकोन. कोराच ऱ्हायला होता."

"कोराच ठेवायचा होता," गुरुजी सावकाश म्हणाले.

"पोरायला तर सांगायचा, पेपरात एकबी जागा कोरी सोडू नका." सरजाबाईनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "मी फुली मारली. आन् चांगली ठळक मारली, माशी बसल्यावानी न्हाई."