मालकाला पाडल्याशिवाय नोकरी नाही

सुकापूरच्या रस्त्याला हुसेनचाचांचं टायरचं दुकान आहे. तिथं कामाला लागायचं तर एकच अट: मालकाला पंजात पाडायचं. ओळखपाळख, अनुभव, शाळेचा दाखला, काही विचारत नाहीत. माझ्या दृष्टीनं ते बरंच होतं, कारण माझी शाळा नववीतच सुटलेली.

पण पंजाच्या आधी उमेदवाराला टीव्ही बघावा लागतो.

दुकानात टायरांच्या दोन थप्प्यांच्या मधे एक जुना टीव्ही आहे आणि त्यावर एका जुन्या मालिकेचा एकच भाग चालतो. चाचा आखातात कामाला होते तेव्हा तिथल्या खोलीवर ही कॅसेट होती. येताना त्यांनी ती आणली आणि पुढं कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. घळीत राहणाऱ्या बंडखोरांच्या टोळीची गोष्ट. गावोगावी त्यांची गाणी म्हणतात, जमीनदाराला लुटून गरिबाच्या दारात धान्य टाकणारे. एक दिवस एक अनोळखी पैलवान येतो, ओढ्याकाठी बसतो आणि खुद्द सरदाराला पाणी पिऊ देत नाही. खडकावर पंजा लागतो. सरदार हरतो, धप्पकन पाण्यात पडतो आणि खो खो हसत उठून म्हणतो, "आज से तू हमारा."

पैलवानाची दाढी मधेच एका बाजूनं सुटते. तिथं आलं की चाचा न चुकता म्हणतात, "दाढीकडे नको, डोळ्यांत बघ त्याच्या." बाकी सगळे संवाद ते पात्रांच्या आधीच म्हणून टाकतात, त्यामुळे टीव्हीचा आवाज प्रतिध्वनीसारखा येतो.

त्या एका भागावर चाचांचा सगळा कारभार चालतो. नवीन पनवेलहून मोठी गाडी आली की हळूच म्हणणार, "जमीनदार आला." रिक्षावाल्यांना हवा फुकट. न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन आलेला ट्रेलरवाला टायर बदलेपर्यंत उभा असला, तर त्याला स्टूल देऊन विचारणार, "तू टोळीत असतास तर काय काम केलं असतंस?" एक ड्रायव्हर म्हणाला, मी झोपलो असतो. चाचांनी गंभीरपणे मान डोलावली. "पहाऱ्यावर नको मंग तुला."

मी हिंगोलीकडचा. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचो. अंग रेड्याचं, काळीज सशाचं. गावातला एक ड्रायव्हर मला पनवेलपर्यंत घेऊन आला आणि चाचांच्या दारात सोडून पुढं गेला. आईला मी वाटेतूनच सांगून टाकलं होतं की काम लागलं. तिला झोप लागावी म्हणून.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर चाचांनी मला टीव्ही दाखवला. मग ट्रकच्या चाकाची एक लोखंडी डिस्क आडवी ठेवली, तिच्यावर कोपर टेकलं आणि म्हणाले, "ये."

आता मोंढ्यात मी एकच गोष्ट शिकलो होतो, की मालकासमोर ताठ उभं राहायचं नाही. चाचांनी हात धरला आणि मी लगेच माझा हात आडवा केला. वर हसलोसुद्धा, अदब म्हणून.

चाचांचा चेहरा एकदम उतरला. "ये काय केलंस? सीनच खराब केलास."

बाळाराम म्हणून दुकानातला जुना माणूस आहे, जवळच्याच गावचा. त्यानं कपाळाला हात लावला. "आरं येड्या, जिकाचा होता. आता पुढचे शुक्रवारी."

तोवर मी पाहुणा. राहायला दुकानामागची खोली, जेवायला चाचांच्याच घरचा भात आणि बांगड्याचं कालवण. पण पान्याला हात लावायला गेलो की चाचा ओरडणार, "पाहुणा हाय तू. बस." टायर घरंगळत यायचे, बाळाराम घामाघूम व्हायचा आणि मी स्टुलावर बसून चहा प्यायचो. असलं जेवण घशाखाली उतरत नाही. पाहुण्याला एक दिवस जावं लागतं, आणि मला जायला जागा नव्हती. आई रोज फोनवर विचारायची, "काम जड नाही ना रं?" मी म्हणायचो, "नाही, हलकंच आहे."

पुढच्या शुक्रवारी ठरवून बसलो की जिंकायचंच. पुन्हा तो भाग पाहिला, डिस्क आली, कोपरं टेकली. पण चाचांचा हात हातात आला आणि मला त्या हातानं वाढलेला भात आठवला. माझ्यानं रेटवेना. चाचा तर हरायलाच बसलेले, ते कशाला रेटतील? आमचे दोन हात खांबासारखे उभेच्या उभे. कुणीच हलेना.

एक ट्रेलरवाला थांबलेला होता. त्यानं बाळारामला विचारलं, "लाइट गेली काय यांची?"

"दोगव हराला बघतान," बाळाराम म्हणाला आणि चहा आणायला गेला.

चहा आला, बाळारामचा पिऊनही झाला. चाचा ओठ न हलवता पुटपुटले, "दाब की रे. मी काय मगरिबच्या नमाजपर्यंत हरायची वाट बघू?"

"चाचा, तुम्ही मोठे."

"मोठा हाय म्हणून तर हरायचंय मला. टोळीला माणूस पायजे, नोकर नको. दाब."

मी डोळे मिटले आणि पोतं उचलताना लावायचो तसा जोर लावला. चाचांचं कोपर डिस्कच्या कडेवर ठाण् करून आपटलं. ते स्टुलावरून उठले, नीट दोन पावलं मागं सरकले आणि पंक्चर बघायच्या पाण्याच्या टाकीत पाठमोरे बसले. हसायला तर त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली होती. "आज से तू हमारा," म्हणाले, आणि तसेच निथळत पाना माझ्या हातात दिला. "पुढचं चाक खोल."

संध्याकाळी म्हणाले, "आईला फोन लाव. सांग, जिंकलो म्हणून."

चाचांची दोन्ही मुलं आखातात. चाची गेल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलांचा फोन येतो, खजुराचं पार्सल येतं. मुलं चांगली आहेत. दुकान कधी बंद करताय, एवढंच विचारतात.

मी फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि सगळं सांगितलं. आईला पंजा, टोळी, सरदार यातलं काहीच कळलं नाही. तिनं फक्त एक विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला आपटलंस व्हय रं? त्यांना लागलं का?"

चाचांनी पुढं होऊन फोन माझ्या हातातून घेतला. "नाय नाय, बाई. थोडंसं. कोपराला."

"हळद-मीठ गरम करून लेप द्या. आन् वजन उचलू नका."

"बरं," चाचा म्हणाले. फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ हातातच धरून उभे होते. मग बाळारामला म्हणाले, "हळद बघ रे घरात हाय का."

त्याला आता दोन वर्षं होत आली. मी आईला फोन लावला की कॉम्प्रेसरच्या मागून आवाज येतोच, "सांग त्यांना, आज जरा ठणकतंय." त्याच हातानं नुकताच ट्रेलरचा टायर उभा केलेला असतो. आई काळजी करते, नवा उपाय सांगते, आणि चाचा तो उपाय इमानदारीनं करतात.

काल लेप डाव्या कोपराला होता. लागलं होतं उजव्याला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नजर टीव्हीकडे वळवली. आई विचारत होती, कसं आहे आता चाचांचं?

मी म्हणालो, "दुखतंय अजून."