फाइल वाढली

आमच्या ऑफिसात फाइल डिलीट होत नाही, वाढते. हा भामरेकाकांचा कायदा. दिवा विझवला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. हे त्यांना सटाण्याला आईनं शिकवलं आणि त्यांनी ते अंबडच्या एमआयडीसीत थेट कॉम्प्युटरला लावलं.

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. नोकरीचा दुसरा दिवस होता. चिपची नक्षी आधी एका काचेवर कोरतात, त्या काचेला मास्क म्हणतात. कोरण्याआधी नक्षीची फाइल तयार करून देणं हे आमचं काम. एकेक रेघ बारीक चौकोनांत तोडायची, आणि तोडता तोडता फाइल अशी फुगते की डोळे पांढरे व्हावेत. माझी तशीच फुगली. मी उत्साहानं ओरडले, “काका, फाइल दुपटीनं वाढली!”

काका मटकन खुर्चीत बसले. “दोन्ही प्रती?” एवढं विचारून त्यांनी पाणी मागितलं. माझ्या हातून माणूस जातो की काय, म्हणून मी काकांपेक्षा जास्त हादरले. तेव्हापासून मी ‘फुगली’ म्हणते.

फाइली सांभाळणं हे काकांचं खातं. सकाळी आल्या आल्या ते डिस्कसमोर उभे राहतात आणि एकेका फाइलीचं नाव घेऊन विचारतात, “शे का नही?” मग स्वतःच “शे”, म्हणजे आहे, म्हणून पुढच्या नावाकडे वळतात. गिऱ्हाइकाकडे डिस्क पाठवायची तर द्राक्षाच्या पेटीत, कागदाच्या कातरणात. “द्राक्ष परदेशात धड पोचतं, हिला काय धाड भरलीय?” नक्षीतली एखादी रेघ जराशी तिरकी गेली तर आमचं काही खरं नसतं. “सरळ कर. वाकडं ठेवून जेवण जातं कसं तुम्हाला?” एकानं डिस्कवर लग्नाचे फोटो ठेवले होते, ते काकांनी उभं राहून काढायला लावले. लग्न तुझं, डिस्क कंपनीची, असं म्हणाले.

म्हणून गेल्या महिन्यात जे झालं त्यानं आम्ही सगळेच अवाक झालो.

पाच वाजता एका मोठ्या गिऱ्हाइकाची फाइल जायची होती आणि तीन वाजता डिस्क भरली. साहेब यादी बघायला बसले. गिऱ्हाइकांच्या फाइलींना हात लावता येत नव्हता. शेवटी त्यांचं बोट ‘कमल’ नावाच्या फोल्डरवर थांबलं. केवढं प्रचंड! हे कोइमतूरचं कुणी गिऱ्हाईक असावं, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

“भामरे, हे कमल कोण?”

“घरचं शे,” काका म्हणाले.

लग्नाचे फोटो काढायला लावणारा हाच का तो माणूस!

“वाढव पोरी,” काका मला म्हणाले.

“दुसरीकडे प्रत आहे ना?”

“घरना कामले कंपनीनी दुसरी डिस्क कसाले?” काका हलले की पूर्ण अहिराणीत जातात. मागे न बघता ते चहाला निघून गेले.

मी फोल्डर उघडलं. आत चिप नव्हतीच. ठिपके, आणि ठिपक्यांतून फिरणाऱ्या रेघा. कमल म्हणजे आमच्या काकू, आणि या त्यांच्या दारातल्या रांगोळ्या! रोज सकाळी काढलेली, संध्याकाळी पुसली जाणारी रांगोळी काकांनी तारीख घालून एकेक रेघ उतरवली होती. गेल्या दोन वर्षांच्या फाइली सगळ्यात अवजड होत्या. काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवा हात अधू झाला, हे ऑफिसात सर्वांना ठाऊक होतं. डाव्या हातानं त्या अजून रांगोळी काढतात, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. रेघा थरथरत गेलेल्या, ठिपके चुकवून भलतीकडे वळलेल्या. वाकडी रेघ हुबेहूब उतरवायची तर तुकडे फार पडतात, म्हणून फाइली फुगलेल्या. दुसऱ्या कुणाची रेघ काकांनी तिरकी राहू दिली नसती. इथे एकही सरळ केलेली नव्हती. मला रडूच आलं.

मग मी माझं फोल्डर उघडलं. कधीतरी लागतील म्हणून दडवलेल्या जुन्या चाचण्यांचा ढीग होता, तो सगळा वाढवला. जागा झाली. पाचला दहा कमी असताना गिऱ्हाइकाची फाइल गेली.

काका परत आले. पडद्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “वाढवली?”

“शे, काका,” मी म्हणाले.

काका पहिल्या वेळेसारखेच मटकन बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. त्यांनी हळूच विचारलं,

“मग उद्याचीही मावेल ना?”