काठीवरचा पाहुणा

सासऱ्यांची बॅग दारात होती, टॅक्सी निघाल्याचा फोन आला होता, आणि ग्रंथपाल बाल्कनीत घामाघूम होऊन उभा होता. लिंबाच्या कुंडीतली अळी नाहीशी झाली होती.

फुलपाखरं वाचवणाऱ्या मंडळात तो नेहमी मागच्या खुर्चीवर गप्प बसे. यंदा मंडळ चालवणाऱ्या ताईंनी पहिल्यांदाच त्याच्यावर काही सोपवलं होतं: ही अळी. तिची भावंडं गांधीलमाश्यांनी केव्हाच फस्त केली होती. ही एकच उरली होती.

त्याने पानन् पान चाळलं. मग कुंडीला टेकवलेल्या सासऱ्यांच्या काठीकडे त्याचं लक्ष गेलं. मुठीखाली, कमरेला रेशमाचा धागा बांधून, हिरवा कोश निवांत बसला होता.

त्याने ताईंना फोन लावला.

"काठीवर? मग काठी हलवू नका, काका."

"सासऱ्यांची आहे हो. ते आत्ता निघालेत."

"मग सासऱ्यांना हलवू नका."

ग्रंथपालाने फोन ठेवला. परत न येणाऱ्या पुस्तकांची त्याला सवय होती; परत न जाणाऱ्या माणसावर त्याच्याकडे इलाज नव्हता. दोन-चार दिवसांसाठी आलेले सासरे महिना उलटून गेल्यावर आज निघाले होते. टीव्हीसमोरची खुर्ची मोकळी होणार होती. खरं सांगून टाकावं, तर परवाच ते म्हणाले होते, "जावईबापू, किडे कसले पाळता? चिमटीत धरा आणि द्या फेकून!"

"माझी काठी कुठंय?" आतून आवाज आला.

"शोधतोय, बाबा!" काठीला पाठीशी घालत तो ओरडला.

बायको आली. "अहो, टॅक्सी खाली उभी आहे. आणि मागे काय लपवताय?"

"कुठं काय?"

"ही काय काठी!" सासऱ्यांनी त्याच्या बाजूने हात घातला आणि मूठ धरली. त्यांचा अंगठा कोशापासून नखभर दूर होता.

"बाबा, जाऊ नका!"

इतक्या मोठ्याने तो जन्मात बोलला नव्हता. खालून टॅक्सीवाल्यानेही वर पाहिलं.

"म्हणजे?"

"राहा ना अजून थोडे दिवस. तुम्ही गेलात की घर... घर खायला उठेल."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. सासऱ्यांनी अलगद मूठ सोडली.

"टॅक्सी परत पाठव गं," ते म्हणाले.

तेव्हापासून सासरे छत्री टेकत फिरायला जाऊ लागले. एका सकाळी कोश उकलला. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू ताठ झाले आणि फुलपाखरू कठड्यावरून उडालं. ग्रंथपालाचे डोळे भरून आले.

"सुटली बिचारी," शेजारी उभे असलेले सासरे म्हणाले. "कोश करायला जागा शोधत फिरत होती. म्हणून मीच काठी टेकवून ठेवली."

"तुम्ही? मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"राहा म्हणायला कुणीतरी लागतं, जावईबापू."

सासऱ्यांनी काठीवरचं रिकामं टरफल हलकेच काढलं, काठी पुसली आणि पुन्हा कुंडीला टेकवली. कोवळ्या पानावर एक इवलीशी नवी अळी बसली होती.

"हिला बराच वेळ लागेल हो," ते म्हणाले आणि आत जाऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले.