गेनू साळिंदराचे सात व्हाइस

मुलांनो, एका जंगलात हापसा आला होता. म्हणजे ते जंगल सुधारलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

हापसा बिघडला की दुरुस्त करायचा गेनू साळिंदराने. त्याच्याकडे व्हाइस होता. टेबलाला बसवलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की वस्तू घट्ट धरून ठेवणारा.

एकदा भंगाराच्या ढिगात गेनूला एक जुना व्हाइस दिसला. गंजलेला, जडशीळ, अंगावर कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची पुसट अक्षरं. गेनूचा जीव जडला. पाठीवर काटे, म्हणून त्याने तो पोटाशी धरून घरी आणला. असं लोखंड आता येत नाही, असं त्याने बायकोला, ठकूला, सांगितलं.

त्याने तो रॉकेलमध्ये बुडवला, तारेच्या ब्रशने घासला. पण जबडा कानशीने साफ करायचा तर तो आधी दुसऱ्या व्हाइसमध्ये धरायला हवा. घरचा लहान पडला. म्हणून गेनूने मोठा आणला. तोही जुना, तोही गंजलेला. तो धरायला तिसरा आणला.

दिवाळीपर्यंत सात झाले. शेवटी घरचा कामाचा व्हाइसही त्याने खोलून फळीवर मांडला.

वैशाखात हापशाची सळई तुटली. जनावरं पाण्याला नदीवर जाऊ लागली. नदीत मगर होती. ती कुणालाच नाही म्हणायची नाही.

गवा पाटील नवी सळई घेऊन आले. तिला व्हाइसमध्ये धरून टोकाला स्क्रूसारखे आटे पाडून हवे होते. व्हाइसला दिलेला हिरवा रंग ओला आहे, आठ दिवसांनी या, असं गेनू म्हणाला. आठ दिवसांनी रंगाचा दुसरा हात ओला होता.

मग एके दिवशी भेकराचं पाडस नदीवरून शेपटीविना परत आलं.

त्या दिवशी गेनूला जेवण गेलं नाही. तो फळीपाशी जाऊन उभा राही, फडक्याने एकेक व्हाइस पुसे आणि परत येऊन बसे.

शेवटी ठकू उठली. तिने हिरवा व्हाइस टेबलाला बसवला आणि सळई उचलली. गेनू आडवा आला.

"अगं, जबड्यावर ओरखडा पडेल."

"पडू दे. ते पाडस ओरखड्यावर सुटलं नाही."

गेनू बाजूला झाला. तेलाचा डबाही त्यानेच पुढे केला. ठकूने आटे पाडले, सळई बसवली आणि दुपारच्या आत हापशाला पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी शाल-नारळ आणून गेनूचा सत्कार केला. गेनूला ठकूचं नाव घ्यायचं होतं, अगदी मनापासून. पण तेवढ्यात एका माकडाने विचारलं, की असा हिरवा रंग मिळतो कुठे. गेनू दीड तास बोलला. ठकू तिथे नव्हतीच. वरच्या वस्तीचा हापसा बंद होता, ती तिकडे गेली होती.

संध्याकाळी गेनूने हिरव्या व्हाइसवर काचेची पेटी बसवली. आत सुरेख अक्षरात पाटी ठेवली : 'याच व्हाइसवर आपला हापसा दुरुस्त झाला. कृपया हात लावू नये.'

तात्पर्य : चांगल्या हत्याराला कामाला लावू नये. चुकून लावलंच, तर ते पुन्हा कामाला येणार नाही अशी व्यवस्था करावी. तिलाच सन्मान म्हणतात.