कुंडीचा चोर

कुंडी चोरीला गेल्याचं उघडकीला आलं तेव्हा घरात तिघंच होती, त्यामुळे संशयित दोनच उरले. मुलगा आणि सून.

कुंडी खरी नव्हती. निवृत्त कंडक्टरांच्या बायकोने व्हिडिओ गेममध्ये एक घर मांडलं होतं, त्यातली ती. बायको गेली. तेव्हापासून ते रोज सकाळी गेम सुरू करायचे, समोर दिसेल ती खोली बघायचे आणि बंद करायचे. दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावत नसत. तिने ठेवलं तसंच राहायला हवं होतं.

"कोणी हात लावला?" त्यांनी विचारलं. उभी हयात बिनतिकिटांना हेरण्यात गेली होती.

"मी तर आंघोळीला गेलो होतो," मुलगा म्हणाला.

"कुंडी कधी गेली ते मी अजून सांगितलेलं नाही."

सून गेमच्याच कंपनीत कामाला होती. तिने कप खाली ठेवला. "बाबा, काल मी कॉम्प्युटरमध्ये चित्रं काढणारं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. तुम्हाला छान दिसावं म्हणून. आता रे ट्रेसिंग चालतं. गेममधला प्रकाश खऱ्यासारखा पडतो. आधी एका दिव्यात सगळं घर उजळायचं, आता मध्ये कपाट आलं की मागे अंधार. कुंडी तिथेच आहे, फक्त दिसत नाही."

"तिकीट आहे, फक्त सापडत नाही. ऐकलंय मी हे पुष्कळ." त्यांनी पडद्यावर बोट रोखलं. "आणि हा कोण?"

भिंतीवरचा आरसा आजवर नुसता राखाडी असायचा. आज त्यात खोली उमटली होती आणि खोलीच्या मधोमध एक मिशाळ माणूस उभा होता.

"हे एआयचं काम असणार," मुलगा घाईने म्हणाला.

"म्हणजे काय?"

"कार्ड प्रकाशाचे थोडेच किरण मोजतं," सून म्हणाली, "उरलेलं चित्र एआय अंदाजाने भरतं."

"अंदाजाने? माझ्या बायकोच्या घरात यंत्र वाटेल त्याला आणून उभं करणार? बंद कर ते."

तिने एआय बंद केलं. चित्र खरखरीत झालं, रखडायला लागलं. माणूस जागचा हलला नाही.

सून वाकून बघत राहिली. "बाबा, हा घुसलेला नाही. गेममध्ये आपण ज्याच्या डोळ्यांनी बघतो ना, तोच हा. जुन्या कार्डाला आरशातलं काढता येत नव्हतं, म्हणून कधी दिसला नाही. खेळ सुरू करताना आईंनीच घडवलाय याला."

"बाईमाणूस सोडून हा कशाला घेतला तिने?"

खाकी शर्ट. चामड्याची पिशवी. पिशवीच्या ओझ्याने उतरलेला डावा खांदा. मुलाने हळूच वडिलांच्या खांद्याकडे बघितलं.

"मला एवढे केस नाहीत," डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले.

"ते आईने पदरचे घातलेत," मुलगा म्हणाला.

सुनेने खेळायचा रिमोट पुढे सरकवला. "दिवा जरा अलीकडे घेतला की कुंडी दिसेल. तुम्हीच चालत जा."

त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. "चाललो की हा आरशातून जाणार?"

"हो. पण परत आलात की दिसेल."

"मागच्या गाडीने येतो म्हणणारेही पुष्कळ बघितलेत," ते म्हणाले, अंगठा उचलला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

दिवा अलीकडे घ्यायचा अजून राहिला आहे.