रॉकेलमधला आवाज

हिंगोलीत रॉकेलच्या रांगेत दोन डबे घेऊन उभा राहणारा एकच माणूस होता, आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे वाठोरे सर. कुणी विचारलंच तर सांगायचे, "ह्यो स्टोला, आन् ह्यो उजेडाला वळण लावायला." विचारणारा मुकाट्यानं पुढं सरकायचा. शिकलेल्या माणसाच्या नादी लागू नये, एवढं आमच्या गावाला कळत होतं.

मी तिथं मराठी शिकवायचो, त्यामुळं सरांना हक्काचा अडाणी मिळाला होता. त्यांचा प्रयोग असा: काचेची पेटी, तिच्यात रॉकेल, तळाशी स्फटिकाची चकती. विजेवर ती चकती इतकी भरभर थरथरते, की तिचा आवाज माणसाला काय, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. पण त्या रॉकेलमधून लेसरचा किरण सोडला, की तो वळतो आणि भिंतीवर एका ठिपक्याचे सात ठिपके होतात. "आवाज उजेडाला वळवतो, कुलकर्णी. बराबर ध्यानात घ्या." मी ध्यानात घ्यायचो आणि वर्गावर पळायचो.

अडचण एवढीच, की लेसर नव्हता. वर्षभर पत्रं धाडून सरांनी तो औरंगाबादहून आठ दिवसांसाठी मिळवला आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय वो?" सर म्हणाले, "दुसऱ्याचं लेकरू हाय, जपून नेऊन राहिलो." बाईनं वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली.

आठव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं लेसर परत जायचा होता; त्या दुपारी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून प्रयोग ठेवला. सरांनी चकतीच्या विजेचं बटण फिरवलं. भिंतीवर सात तांबडे ठिपके उमटले.

"पण आवाज कुठाय?" प्राचार्यांनी विचारलं.

"चालू हाय, साहेब."

"मला न्हाई आला."

"कुणालाच येत न्हाई."

"मंग आवाज हाय असं काहून म्हणता?"

प्राचार्य मोठ्या मनाचे. आवाज कमी पडतोय असं समजून त्यांनी लग्नात भोंगे लावणाऱ्या गफूरभाईंना बोलावलं. गफूरभाईंनी भोंगा पेटीला भिडवला आणि "हॅलो, हॅलो" केलं. रॉकेल टेबलभर सांडलं, ठिपके नाचले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मीही पोट धरून हसलो. सर तेवढे फडक्यानं टेबल पुसत राहिले.

हॉल रिकामा झाला तरी शेवटच्या बाकावर एक बाई बसून होत्या. सरांची थोरली बहीण, जन्मापासून बहिरी. घरात ही दोघंच.

"लहानपणापासून आक्का खुणेनं एकच पुसती," सर म्हणाले, "आवाज कसा असतो? मला कधी सांगता आलं न्हाई."

मला मघाच्या हसण्याची लाज वाटली.

सरांनी पेटी पुन्हा भरली आणि आक्कांचा हात बटणावर ठेवला. त्यांनी हळूच फिरवलं. आवाज वाढला तसे एकाचे तीन झाले, मग पाच, मग सात. उलटं फिरवलं, पुन्हा एक. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्यांनी आमच्याकडं बघून कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. तुम्हाला येतंय का ऐकू?

आम्ही दोघांनीही नाही म्हणून मान हलवली.

आक्का खुदकन हसल्या. आवाजाच्या बाबतीत जन्मात पहिल्यांदाच त्या आमच्या बरोबरीला बसल्या होत्या. गाडीची वेळ होत आली होती, पण सरांनी त्यांचा हात बटणावरून काढला नाही.